सकाळची गोळी

४ जून

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र परवा आलं. उत्तराला उशीर झाला, कारण सकाळी माझी बोटं उघडत नाहीत आणि उघडली की स्वयंपाक वाट बघत असतो. अक्षर वाकडं आहे ते गोड मानून घ्या. पूर्वी तुम्हीच माझ्या अक्षराचं कौतुक करायचात. आता दुकानदार माझी चिठ्ठी हातात घेतो आणि आधी माझ्या तोंडाकडे बघतो.

तुम्ही विचारलंत, झोपेचं काय. सांगण्यासारखं काही नाही, कारण ती येतच नाही. संधिवात आहे म्हणजे दुखत असणार, म्हणून जाग येत असणार, असं सगळ्यांना वाटतं. पण खरं सांगते, ही नवी गोळी सुरू झाल्यापासून दुखणं निम्म्यावर आलंय, सूजही उतरलीय. दुखत नाही तरी डोळा लागत नाही. डोकं असं लख्ख असतं की जणू भर दुपारी बाजारात उभी आहे. मागच्या आठवड्यात रात्री उठून भांड्यांचं कपाट आवरलं. तुमचे भाऊ उठून आले आणि म्हणाले, "चोराने सुद्धा भांडी याच्यापेक्षा हळू हाताळली असती." त्या रात्रीपासून ते पुढच्या खोलीत झोपतात. दिवा लावलेला त्यांना चालत नाही आणि फुकट जळलेला मलाही बघवत नाही, म्हणून अंधारातच फेऱ्या मारते, नाम घेत. देव कंटाळला असेल. डॉक्टर झोपेची गोळी देतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. एका गोळीवर दुसरी कशाला?

सांध्यांची गोळी मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे रात्री जेवणावर नेमाने घेते. डॉक्टरांनी सकाळी खाऊन घ्यायला लिहिली होती. पण देवाआधी तोंडात काही घालायचं नाही ही सासूबाईंची शिस्त, आणि माझ्या या बोटांनी अंघोळ, देव, वाचन उरकेपर्यंत दुपार होते. तुम्ही मार्ग काढून दिलात. देवही सांभाळला गेला आणि औषधही.

आता खरी बातमी. चिमणीची बाळंतपणाची रजा ऑगस्टअखेर संपते आणि तिला आमच्या इथल्या शाळेत बदली मिळतेय. म्हणते, "बाळाला दिवसभर तुझ्याकडे ठेवणार." वन्सं, आजारी पडल्यापासून या घरात मी "तू बस", "तू राहू दे", "तुला जमायचं नाही" एवढंच ऐकत आलेय. किती दिवसांनी कुणीतरी म्हणालं, "आई, तू हवीस." मधली खोली रिकामी केलीय. चिमणीचाच पाळणा पुसून उभा केलाय. आता फक्त झोपेचं काहीतरी व्हायला हवं. रात्री जागते आणि दुपारी डोळे मिटतात, आणि बाळ तर दुपारीच जागं असतं. काही उपाय माहीत असेल तर लिहा.

तुमची वहिनी

१३ जून

वहिनी,

फोनच करणार होते. पण मी फोन उचलला की सूनबाईला नेमकं त्याच खोलीतलं काहीतरी झाडायचं असतं. म्हणून पत्र.

झोप न येणं हा मनाचा रोग. तुम्हाला काळजी करायची सवय पहिल्यापासून. लग्नात सगळे जेवत होते आणि तुम्ही वाढणारे जेवले का म्हणून विचारत होता, मला आठवतं. तळपायांना तेल चोळा, झोपताना कोमट दूध घ्या. आणि नाम नुसतं तोंडाने नको. मन लावून घ्या. मन लागलं तर झोप का लागणार नाही? गोळीची वेळ अजिबात बदलू नका. पोटात अन्न असलं म्हणजे झालं, पोटाला काय घड्याळ दिसतं? आईने जन्मभर देवाआधी पाण्याचा घोट घेतला नाही आणि शेवटपर्यंत आपल्या पायांनी हिंडली. तुमचे हात असे झाले म्हणून तिची शिस्त आपण कशी सोडायची?

माझी साखर वरखाली चालूच आहे. महिनाभर डाव्या डोळ्यापुढे काळी माशी फिरते. डॉक्टर म्हणतात साखर डोळ्याच्या पडद्यावर गेली. मी सुनेबद्दल कधी चांगलं बोलत नाही असं तुम्ही नेहमी म्हणता, तर घ्या: उजाडलं की माझ्या अंथरुणाशी येऊन हातावर साखरेची गोळी आणि दोन बिस्किटं ठेवते. एक दिवस चुकत नाही. तेवढं एक वळण तिच्या आईने चांगलं लावलंय.

बाळाचं म्हणाल तर शंभरदा विचार करा. मूल म्हणजे बाहुली नाही. मी महिनाअखेर चार दिवस येतेच आहे. बघते काय ते.

तुमची वन्सं

६ जुलै

वन्संना नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं यांच्याकडून कळलं. तुमचा चष्म्याचा डबा इथेच राहिलाय, कुणी येणारं-जाणारं मिळालं की पाठवते.

दुधाचं काही मनातून जात नाही. तुम्ही आत वाचत बसला होता, मी दूध गॅसवर ठेवून स्टुलावर टेकले, एवढंच मला आठवतं. पुढे एकदम तुमचा आवाज. पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर, आणि दारात तुम्ही, नाकाला रुमाल लावून. पातेलं खूप घासलं, पण निघालं नाही. टाकवतही नाही. कुंडीखाली ठेवलंय.

तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. फक्त वळून पाळण्याकडे बघितलंत. बोलला असता तर बरं झालं असतं.

वन्सं, एक मागते. हे चिमणीला सांगू नका. मला लपवायचं नाही, पण आधी व्यवस्था करू द्या. गॅसवरचं सगळं सकाळीच उरकून टाकेन, नंतर सिलिंडरच बंद. बाळाला खाली चटईवर ठेवेन, म्हणजे उंचावरून पडायची भीती नाही. आणि शेजारची शिवणकाम करणारी दुपारी आमच्या मधल्या खोलीत मशीन घेऊन बसायला तयार आहे. तिच्या घरी उजेड नाही आणि माझ्या डोळ्यांत झोप आहे, दोघींचं भागेल. तिच्या मशीनचा असा खडखडाट असतो की मेलेला माणूस सुद्धा कूस बदलेल. सगळं ठरलंय. मला थोडा वेळ द्या.

तेल चोळते, दूध घेते, मन लावून नाम घेते. मन लागतं, वन्सं. झोप लागत नाही.

तुमची वहिनी

१५ जुलै

वहिनी,

मी कशाला सांगू? मायलेकींच्या मध्ये मी कोण? पातेल्याचं मनाला लावून घेऊ नका. आईचं होतं, पण जुनंच होतं.

चष्म्याचा डबा पाठवू नका, दुसरा घेतला. डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेलसं दिसतंय. रात्री माझ्यासाठी देवाला सांगा. तुम्ही जाग्याच असता.

तुमची वन्सं

२० ऑगस्ट

वन्संना नमस्कार.

पत्र लांबलं. या वेळी बोटांमुळे नव्हे, मनच उठत नव्हतं.

चिमणी पूर्वी रोज फोन करायची. आई, बाळ पालथं पडलं, आई, हिरड्या शिवशिवतायत. जुलै लागल्यापासून तिचा फोन आपला वडिलांकडेच. मी घेतला की हवापाण्याच्या गोष्टी, मग "ठेवते हं, कुकर लागलाय". तिचा कुकर आजकाल फारच लागतो.

काल आली. बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि स्वतःचे दोन्ही हात त्याच्या खाली धरून बसली. जणू मी आत्ता टाकते की मग टाकते. मी बाळ परत दिलं. मग तिने सांगितलं की शाळेच्या जवळ पाळणाघर आहे, स्वच्छ आहे, दोन चांगल्या बायका आहेत, आणि नाव घालून आलेय. मी म्हटलं, "आणि मधली खोली?"

"आई, तू आराम कर ना. किती केलंस आयुष्यभर."

आराम! वन्सं, मला दुसरा रोग तोच आहे. यांनी मध्ये तोंड घातलं, "बरोबर बोलतेय ती. तुला स्वतःची झोप सांभाळता येत नाही, मूल कसलं सांभाळतेस?" आणि चहा मागितला. मी केला. साखर घालायची राहिली, तेही त्यांनी झोपेच्याच खात्यावर टाकलं.

शिवणवालीला नको म्हणून सांगून आले. ती बिचारी मशीनला तेल घालून बसली होती.

तुम्ही तिची आत्या. तुमचं ती ऐकते. माझ्यासाठी दोन शब्द बोलून बघाल का?

तुमची वहिनी

२९ ऑगस्ट

वहिनी,

वाईट वाटून घेऊ नका. चिमणीशी बोलले. ती ठाम आहे. आजकालच्या मुली कुणाचं ऐकतात थोड्याच? आणि मनातलं सांगू का, तुमच्या तब्येतीला ते झेपलं नसतं. देवाने तुम्हाला मोकळं केलं असं समजा.

माझं ऑपरेशन १८ सप्टेंबरला ठरलं. डोळ्याच्या आत हवा भरतात म्हणे, आणि मग दिवसरात्र पालथं पडून राहायचं. झोपेत चुकून उताणं झालं की केलंसवरलं वाया, डोळा जायचा. म्हणजे रात्रभर उशाशी कुणीतरी बसून बघायला हवं. सूनबाई दिवसाचं करते म्हणाली. रात्रीचं तिचं काही खरं नाही, उशीला डोकं लागायच्या आधी घोरते. माझ्या मनात लगेच तुम्ही आलात. तुम्ही तशाही जाग्याच असता. आठदहा रात्रींचा तर प्रश्न. तुमचं जागरण कुणाच्या तरी कामी येईल, पुण्य लागेल ते वेगळंच. भावाला फोन केलाय, तो हो म्हणालाय.

तुमची वन्सं

९ सप्टेंबर

वन्संना नमस्कार.

मागच्या मंगळवारी मी तपासायला गेले होते. नेहमीचे डॉक्टर रजेवर, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई. तिने बोटं दाबून पाहिली, छान आहे म्हणाली. मग विचारलं, "झोप कशी आहे?" मी म्हटलं, नाही. "अजिबात?" मी म्हटलं, पहाटे जेमतेम. मग ती म्हणाली, "ही गोळी कधी घेता?"

वर्ष होत आलं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. रोज घेता ना, असं विचारायचे आणि मी मान हलवायचे.

"रात्री. जेवणावर."

तिने पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?" मी तुमचं नाव घेतलं नाही. घरच्यांनी, म्हटलं.

ती म्हणाली, "आजी, ही गोळी अंगाला सांगते की सकाळ झाली, ऊठ. म्हणून तर ती सकाळची लिहिलीय. तुम्ही रोज झोपायच्या आधी त्याला उठवताय. बदलायच्या आधी विचारायचं तरी." मी यांच्याकडे बघितलं. ते भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होते.

मग मी देवाआधी न खाण्याचं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. हसली नाही. म्हणाली, "एक बिस्किट चालणार नाही का तुमच्या देवाला?" ते बिस्किट तेव्हापासून डोक्यात बसलंय.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गोळी सुरू केली. आधी काही फरक नाही. शनिवारी रात्री पाठ टेकली आणि डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन पायावर आलं होतं. हे वाकून बघत होते, "आहेस ना?" मी रडायला लागले. त्यांना वाटलं आनंदाने.

लगेच चिमणीला फोन केला. म्हटलं, कारण सापडलं, मला झोप लागते, आता दुपारी टक्क जागी राहीन. ती म्हणाली, "आई, मी ठेवलंच असतं गं तुझ्याकडे. पण आत्याने तुझ्याकडून निघाल्या निघाल्या गाडीतूनच मला फोन केला. म्हणाली, आज दूध जळलं, उद्या बाळासकट घर पेटेल. त्यानंतर माझं धाडसच झालं नाही. आठवड्यातच तो तिथे रुळलाय, त्या बायकांकडे झेप घेतो. परत नको हलवायला."

गाडीतूनच, वन्सं. सांगू नका म्हणून वाकड्या बोटांनी मी पत्र लिहीत होते, तेव्हा तुमचं सांगून झालं होतं. आणि तुम्ही मला उलट लिहिलंत, मी कशाला सांगू. मग मी तुम्हालाच वकील केलं. काय बोललात तिच्याशी माझ्या बाजूने?

तुम्हाला सांगायचं होतं तर माझ्या समोर सांगायचं होतं. धूर खरा होता, मी कुठे नाही म्हणते? मी माझी बाजू मांडली असती. व्यवस्था दाखवली असती. मला तेवढंही का मिळू नये? रागाने विचारत नाही असं लिहिणार होते, पण रागानेच विचारते.

तुमची वहिनी

१३ सप्टेंबर

वहिनी,

आता अक्षरं लागत नाहीत म्हणून तुमचं पत्र सूनबाईकडून वाचून घ्यावं लागलं. घरात माझी काय शोभा झाली ती झाली. हे मी स्वतः लिहितेय, ओळी एकमेकींवर चढल्या तर चढल्या.

केलं ते बाळासाठी केलं. धूर मी पाहिला, तुम्ही झोपला होता. तुमच्या जागी मी असते तर स्वतःहूनच नको म्हटलं असतं. आणि गोळीचं खापर माझ्या डोक्यावर नको. मी सुचवलं, घेतली तुम्ही. डॉक्टरांना विचारायला मी यायचं होतं का? आईची शिस्त मोडायची असेल तर मोडा. घर तुमचं, देव तुमचा.

पण अठरा तारीख विसरू नका. झालं गेलं ते घरातलं, आणि अडचणीला घरचीच माणसं लागतात. तुम्हाला आता झोप लागते म्हणता. आठ दिवस ती गोळी पुन्हा रात्री घेतलीत तर काय बिघडेल? वर्षभर घेतलीच की. माझ्या डोळ्याचा प्रश्न आहे.

वन्सं

१६ सप्टेंबर

वन्सं,

हे पत्रही सूनबाईंनाच वाचावं लागेल. सूनबाई, मोठ्याने वाचा, काही गाळू नका.

ते बिस्किट कुठलं, ते मला आठवलं. जूनमध्ये तुम्हीच लिहिलं होतं, उजाडताच अंथरुणाशी गोळी आणि दोन बिस्किटं मिळतात म्हणून. अंघोळीच्या आधी. देवाच्या आधी. मी तेव्हा वाचलं आणि मला एवढंच वाटलं, चला, सुनेबद्दल एक तरी बरा शब्द लिहिला. आईची शिस्त कशी सोडायची, हे तुम्ही त्याच पत्रात चार ओळी वर लिहिलं होतं. तेही मी वाचलं होतं. दोन्ही वाचून मी रात्री गोळी घेतली.

तुम्ही बिस्किट खाता याचं मला काही नाही. साखरेला ते लागतं. देवानेही काही म्हटलं नसेल, इतका तो हिशेबी नाही. पण सासूबाई तुमच्या आई, आणि त्यांची शिस्त राहिली माझ्या घरी. तुमच्याकडे ती पोचलीच नाही. मला उपदेश लिहायला बसलात तेव्हा ओठाला बिस्किटाचा चुरा असेल, हे काही केल्या मनातून जात नाही.

मी आता उठते, बिस्किट खाते, गोळी घेते आणि मग देवापुढे बसते. पहिल्या दिवशी मान वर करवली नाही. आता करते. बोटंही लवकर सुटतात, त्यामुळे वाचन उरकतं आणि बोलायला वेळ उरतो.

आठ दिवस गोळी पुन्हा रात्री घेतली तर चालेल का, असं मी डॉक्टरीणबाईंना खरंच विचारलं. त्या नाही म्हणाल्या. त्या हो म्हणाल्या असत्या तरी मी आले नसते, हेही कळवून ठेवते, म्हणजे पुढे उगाच डॉक्टरांवर यायला नको.

तुमचे भाऊ म्हणाले, मी हट्टी झालेय. मी म्हटलं, हो म्हणालात तुम्ही, बहीण तुमची, तुम्हीच जा. त्यांची बॅग भरून दारात ठेवलीय. उद्या संध्याकाळच्या गाडीने हे पत्र घेऊनच पोचतील. रात्री त्यांना डुलकी लागेल. सूनबाई, भांडी जोरात वाजवा. त्यांना चोराची जाग लवकर येते.

पाळणा सोडवून माळ्यावर टाकला. मधल्या खोलीत शिवणवालीला बोलावलं, उजेड वाया कशाला घालवायचा? दुपारभर तिची मशीन खडखडते आणि मी शेजारी बसून असते. टक्क जागी. डोळ्यांत झोपेचा टिपूस नसतो आणि बघायला समोर कापडाच्या चिंध्या. दिवेलागणीनंतर पडते ती सकाळपर्यंत. इतकी गाढ झोप मला लग्नानंतर आत्ताच मिळतेय. मध्ये कुणी उठवत नाही. कुणासाठी उठायचंही नसतं.

अठराच्या रात्री तुमच्या डोळ्यासाठी देवाला सांगेन. सांगून लगेच झोपेन.

वहिनी